खोलीत उपस्थित

१

नेमणुकीच्या पत्रात ‘संशोधन सल्लागार’ असं लिहिलं होतं. प्राध्यापकांनी ते पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवलं आणि मुलीला फोनवर एकदा. निवृत्तीला आठ वर्षं झाली होती, वय अडुसष्ट, आणि तरी कुणाला तरी आपलं डोकं हवं आहे या आनंदात त्यांनी जुन्या चामडी बॅगेचा तुटका पट्टा शिवून आणला. पहिल्या दिवशी दुपारच्या आतच त्या आनंदावर पाणी पडलं.

संस्था मोजमापाची उपकरणं तपासून देणारी होती. दवाखान्यांतले, लसी ठेवायच्या शीतपेट्यांतले थर्मामीटर तिथे तपासणीला येत. त्यासाठी तळघरात एक खोली होती. एकामागे एक दोन जाड दारं, त्या दारांमध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढा बोळ, आणि आत अस्तर लावलेल्या, आवाज गिळून टाकणाऱ्या भिंती. खिडकी नाही. मध्यभागी पाण्याची टाकी, टाकीत ओळीने उभे केलेले थर्मामीटर, आणि दोन हातांवर स्टँडवर बसवलेली एक छोटी दुर्बीण. खुर्चीत बसायचं, दुर्बिणीतून पाऱ्याची रेघ कुठे टेकली आहे ते बघायचं, तक्त्यावर लिहायचं. दहा मिनिटांनी पुन्हा. दिवसातून चाळीस वेळा. पदवीच्या पहिल्या वर्षातल्या पोराला हे काम दिलं असतं तर त्यानेही नाक मुरडलं असतं.

त्यातून वर बसलेला प्रमुख. तो त्यांच्या मुलीच्या वयाचा होता. कचेरीत सगळे त्याला पाठीमागे ‘दशांश’ म्हणत. दशांश कधी आवाज चढवत नसे. खोलीतल्या फोनवरून तो दिवसातून पंधरा-वीस वेळा बोले.

“सर, खुर्चीचे चारही पाय फरशीवरच्या चिकटपट्टीच्या खुणांवर आहेत ना?”

“सर, श्वास टाकीच्या दिशेने सोडू नका. जरा डावीकडे.”

“सर, तुमची पेन्सिल बोटभरापेक्षा लहान झाली असेल तर बदला. अक्षर उतरतं.”

“तो ओरडतो का तुमच्यावर?” बायकोने पहिल्या आठवड्याच्या शेवटी विचारलं.

“नाही. ‘सर’ म्हणतो.”

“मग?”

“ओरडला असता तर परवडलं असतं.”

“सोडून द्या मग. घरात बसून माझं डोकं खा, ते काम तुम्हाला छान जमतं.”

पण सोडणं सोपं नव्हतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. वर्षाच्या सुरुवातीला प्राध्यापकांनी दोनदा गॅस तसाच चालू ठेवला होता. एकदा तर ते भलत्याच इमारतीत शिरून, एका अनोळखी दाराच्या कुलपात दहा मिनिटं आपली किल्ली फिरवत उभे होते. तेव्हापासून मुलीने धोशा लावला होता: डोक्याची तपासणी करून घ्या, हे घर बंद करा, दोघं माझ्याकडे चला. ती प्रेमाने म्हणत होती, त्यामुळे भांडताही येत नव्हतं. नोकरी हेच प्राध्यापकांचं उत्तर होतं. ज्याचं डोकं चालत नाही त्याला कोण कामावर ठेवेल? तीन महिन्यांची परीक्षा होती. शेवटी प्रमुखाचा लेखी शेरा मिळणार होता. तो कागद लेकीसमोर टेबलावर ठेवायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

२

तक्त्याच्या उजव्या टोकाला एक अरुंद रकाना होता: ‘खोलीत उपस्थित’.

त्यामागचं कारण प्राध्यापकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बसलेला माणूस म्हणजे साधारण शंभर वॅटचा दिवा, हे वाक्य त्यांनी वर्गात तीस वर्षं सांगितलं होतं, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, “सर, मग तो विझवायचा कसा?” खोली इतकी बंदिस्त होती की माणूस नुसता बसला तरी हवा तापायची. भिंतीवर एक पिवळा पडलेला तक्ता टांगला होता. खोली रिकामी असेल तर वीस अंश. एक माणूस असेल तर वीस अंश तीन दशांश. दोन असतील तर सहा दशांश. जितकी माणसं, तितकी वजावट प्रत्येक वाचनातून करायची. माणसं मोजण्यात चूक झाली तर सगळे थर्मामीटर चुकीचे प्रमाणित होणार, आणि पुढे कुठल्या तरी दवाखान्यात लस खराब होणार. रकाना बारीक होता, पण फालतू नव्हता.

त्यांनी चाळीस ओळींत चाळीस वेळा ‘एक’ लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता परत आला. चाळीसही ‘एक’ लाल शाईने खोडलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर नीटस ‘दोन’, आणि सोबत टाचलेली चिठ्ठी: ‘उपस्थिती नीट मोजावी. खाडाखोड मी करणे योग्य नाही. तक्ता नव्याने भरून सही करावी.’

प्राध्यापक चिठ्ठी हातात धरून काही वेळ हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतो आहोत, आणि या खोलीत हसण्याचा आवाज तोंडापासून वीतभर अंतरावरच संपतो.

३

“सर, बसलात ना?”

“बसलो.”

“खोलीत किती जण आहेत?”

“मी एकटा.”

“सर, मला इथे वर सहा दशांश दिसतायत.”

“मग तुमचं यंत्र तपासा.”

“तीनदा तपासलं. एकदा बाहेरचा माणूस बोलावून तपासलं.”

“तर खाली या आणि तुमच्या डोळ्यांनी मोजा.”

“मी खाली येत नाही, सर. मी आलो की आकडा बिघडेल.”

उत्तर शास्त्राला धरून होतं. बरोबरच होतं. तरी प्राध्यापकांच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या बारीकसारीक गोष्टीत नाक खुपसणारा माणूस, पेन्सिलीची लांबी विचारणारा माणूस, आणि त्याला आपल्या तळघरात एकदाही डोकवावंसं वाटत नाही?

“तुम्ही दोन लिहा, सर. विषय संपला.”

“मला दुसरा माणूस दिसत नाही, तर दोन कसे लिहू?”

“तुम्ही बघितलंय का?”

त्यांनी बघितलं नव्हतं. खुर्ची टाकीकडे तोंड करून, उरलेल्या खोलीकडे पाठ. वाचन चालू असताना हलायचं नाही असा नियम. ते फोन कानाला धरूनच वळले. अस्तराची भिंत. गार हवेची जाळी. एक रिकामा स्टूल, कुणी कधीतरी दिवा बदलायला आणलेला असावा. बस्स.

“बघितलं. कोणी नाही.”

“तुम्ही हललात, सर. आकडा हलला. आता दहा मिनिटं वाया गेली, पुन्हा वाचन घ्या.”

त्या दिवशीही त्यांनी चाळीस वेळा ‘एक’ लिहिलं. दुसऱ्या दिवशीही. रोज तक्ता लाल होऊन परत यायचा आणि रोज ते तो जसाच्या तसा, सही न करता, वर पाठवायचे. आयुष्यात त्यांनी न बघितलेल्या आकड्याखाली कधी सही केली नव्हती. त्यापायी विद्यापीठात एक बढती घालवली होती. तो त्यांचा अभिमान होता आणि बायकोच्या मते तोच त्यांचा आजार होता.

पण आता बसल्या जागी त्यांना मानेमागे ऊब जाणवू लागली होती. खरी की मनाची, ते त्यांना सांगता येईना. वाचताना ते मान आखडून बसत. संध्याकाळी घरी आले की खांदे दगडासारखे झालेले असत.

४

नोंदणीच्या बाई वरच्या मजल्यावर फायलींच्या ढिगाआड बसत. मोठ्या अंगाच्या, बोलक्या, आणि डबा खाताना समोरच्याच्या डब्यातही हक्काने हात घालणाऱ्या.

“सर, एक सांगू? तो जो आकडा म्हणतो तो टाका आणि मोकळे व्हा. मी आठ महिने बसले होते खाली.”

“तुम्ही? आणि काय लिहीत होतात?”

“दोन.”

“कोण होतं तुमच्याबरोबर?”

बाईंनी लोणच्याची फोड बाजूला सारली. “मला काय माहीत?”

“अहो, दोन लिहीत होतात ना?”

“लिहीत होते. मोजत कुठे होते? त्याने सांगितलं दोन, मी लिहिलं दोन. मागे वळून बघायला मला काही पगार मिळत नव्हता.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “पाठ दुखते म्हणून बदली मागितली मी. पाठ दुखत नव्हती. कशाला खोटं बोला. पण घरी आले की सगळं विसरायचे, झोप छान लागायची. तुम्हा शिकलेल्या लोकांना बघितल्याशिवाय लिहवत नाही, हीच तर पंचाईत आहे.”

“बाई, खोलीत कुणी असेल तर ते शोधायला नको?”

“कशाला? त्याने तुमचं काही वाकडं केलंय?”

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि टाइप करायला आलेला एक कागद फायलीखालून अर्धा सरकवला. दशांशाच्या हस्ताक्षरातला मसुदा होता. ‘निरीक्षकाची उपस्थिती-नोंद मोजमापाशी जुळत नाही. वय लक्षात घेता निरीक्षक विश्वासार्ह वाटत नाही.’

“अजून टाइप नाही केलेला,” बाई म्हणाल्या. “आठवडाभर माझी बोटं दुखणार आहेत. तेवढ्यात काय ते ठरवा.”

‘वय लक्षात घेता.’ ते तीन शब्द घेऊन प्राध्यापक जिना उतरले. मुलीच्या टेबलावर हा कागद पोचला, की पुढचं सगळं त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं: सामानाची खोकी, घराच्या किल्ल्या लेकीच्या पर्समध्ये, जावयाचं समजूतदार हसू, आणि एक खोली, जिथे आपल्याला काहीही करायचं नाही.

५

घाबरलेला माणूस देवाचं नाव घेतो. प्राध्यापकांनी कागद-पेन्सिल घेतली.

दिव्याची उष्णता. त्यांनी दिवा काढून बॅटरीच्या उजेडात दिवस काढला. सहा दशांश. पाणी ढवळणारी मोटर. ती बंद केली. सहा दशांश. आपलंच अंग तापलेलं असेल, म्हणून तोंडात थर्मामीटर धरून बसले. ताप नव्हता. अस्तर कुठे फाटलं असेल म्हणून जेवणाच्या सुट्टीत भिंती हाताने चाचपल्या. भिंती धड होत्या, आणि गार होत्या. हिशेब कसाही मांडला तरी शेवटी शंभर वॅट शिल्लक राहत होते.

आणखी एक गोष्ट त्यांना आधीपासून खटकत होती. दुर्बिणीच्या तोंडाशी एक दातेरी कडं होतं. ते फिरवून आपल्या डोळ्याला जुळवून घ्यायचं, की आकडे स्वच्छ दिसत. प्राध्यापकांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे त्यांना कडं बरंच उजवीकडे न्यावं लागे. संध्याकाळी जाताना ते तसंच ठेवून जात. सकाळी येऊन डोळा लावला की सगळं धुरकट. कडं डावीकडे आलेलं. रोज. आणि रोज तेवढंच.

सफाईवाल्याला विचारलं. त्या खोलीची किल्लीच त्याच्याकडे नव्हती. दशांशाला विचारलं.

“मी हात लावत नाही, सर. तुम्ही ते विसरून जात असाल. तसं होतं.”

तसं होतं. प्राध्यापकांनी कड्यावर आणि नळीवर पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली आणि डायरीत लिहून ठेवलं: ‘जाताना रेघ जुळलेली. स्वतः पाहिली.’ खाली सही, तारीख, वेळ. सकाळी रेघ बोटाच्या पेराइतकी सरकलेली होती. ज्याचा डोळा त्या जागी कडं ठेवून स्वच्छ बघू शकत होता, तो डोळा चांगला होता. तरुण म्हणावा असा.

६

शेवटी त्यांना सोपा प्रयोग सुचला, आणि तो आधी न सुचल्याबद्दल त्यांनी स्वतःला मनातल्या मनात झापलं.

आतल्या दाराला तळहाताएवढी दुहेरी काच होती आणि बोळात, दाराशेजारी, आतलं तापमान दाखवणारी तबकडी. त्यांनी भर सकाळी खोलीतून बाहेर यायचं, आतलं दार लावायचं, आणि बोळात उभं राहून काटा बघायचा. ते निघाल्यावर त्यांची ऊब तासाभरात विरून जाणार. खोली खरंच रिकामी असेल तर काटा वीसवर येणार. यंत्र बिघडलेलं असेल तर सहा दशांशावरच अडून बसणार. तबकडी मुळातच पुढे धावत नाही ना, हे त्यांनी आदल्या दिवशी प्रमाणित थर्मामीटरशी ताडून पाहिलं होतं.

काटा उतरला. पाच. चार. तीन.

तीनवर थांबला.

ते बोळात दीड तास उभे राहिले. दोन दारांच्या मध्ये, हातात घड्याळ. काटा तीनवरून हलला नाही. एका माणसाची ऊब. ते आत गेले, खुर्चीत बसले, फोनवरून वरचा आकडा विचारला. सहा. बाहेर आले, थांबले. तीन.

त्या संध्याकाळी ते जवळजवळ नाचतच घरी आले. बूट न काढता स्वयंपाकघरात गेले.

“माझं डोकं ठीक आहे,” ते बायकोला म्हणाले. “यंत्रही ठीक आहे. तो दशांशही बरोबर आहे आणि मीही बरोबर आहे. मी बाहेर आलो की तीन, मी आत गेलो की सहा. इतकी स्वच्छ वजाबाकी मी आयुष्यात बघितली नव्हती. खोलीत एक जास्तीचा माणूस आहे. सिद्ध झालं.”

बायको कणीक मळता मळता थांबली.

“अहो,” ती म्हणाली, “मग तो कोण आहे?”

आपण बरोबर आहोत या आनंदात हा प्रश्न प्राध्यापकांना पडलाच नव्हता.

७

दुसऱ्या दिवशी ते आत गेलेच नाहीत. बोळात उभे राहिले. बाहेरचं दार पाठीमागे लावलेलं, आतलं समोर. त्यांना फक्त बघायचं होतं. बघितलं की लिहिता येईल, लिहिलं की सही करता येईल, सही केली की तो मसुदा टाइप होणार नाही. इतकं साधं होतं. त्यांनी काचेला कपाळ टेकलं.

टाकी. थर्मामीटर. खुर्ची, खुणांवर. दुर्बीण, टाकीकडे रोखलेली. सगळं जागच्या जागी. काटा तीनवर.

किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही. पाय भरून आले. आपण म्हातारपणी एका कपाटाएवढ्या जागेत उभं राहून रिकाम्या खोलीची राखण करतो आहोत, आणि लेकीने आत्ता बघितलं तर तिला शेऱ्याची गरजच उरणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. ते मागे सरकणार होते.

तेवढ्यात दुर्बिणीचं कडं फिरलं.

अगदी थोडं. डावीकडे, मग किंचित उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. धुरकट दिसणारी गोष्ट स्वच्छ करून घेताना माणूस फिरवतो तसं. मग थांबलं. पाऱ्याची रेघ वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ सगळं थांबलं.

काहीतरी चिकटलं असेल, सुटलं असेल, स्प्रिंग असेल, असं प्राध्यापक स्वतःला सांगत होते. ते अजून सांगतच होते, तेव्हा दुर्बीण स्टँडवर वळू लागली. टाकीपासून दूर. हळू, आवाज न करता, हवाही हलू न देता, दशांशाला चालेल तशी. भिंत ओलांडून, जाळी ओलांडून, ती दाराशी आली, आणि तिची पुढची गोल काच प्राध्यापकांच्या समोर येऊन थांबली.

कडं पुन्हा फिरू लागलं. डावीकडे. थोडं उजवीकडे. त्यांना जुळवून घेत.

८

तक्ता त्यांनी बोळातच, दारावर धरून भरला. ‘खोलीत उपस्थित: दोन.’ मग त्यांना वाटलं, आपण तर बाहेर आहोत, मग एक लिहायला हवं. पण कालच्या, परवाच्या, सगळ्या दिवसांच्या ओळी डोळ्यांसमोर आल्या आणि त्यांनी दोनच राहू दिलं. खाली ‘स्वतः पाहिले’ असं लिहिलं. त्याखाली सही केली.

दशांशाने स्वतः जिन्यापर्यंत येऊन तो तक्ता घेतला. शेवटच्या पायरीवर थांबून. जवळून तो बराच दमलेला दिसत होता. डोळ्यांखाली काळं, कॉलर आतून उसवलेली.

“आभारी आहे, सर,” तो म्हणाला. “चार वर्षं मी कुणाच्या तरी सहीची वाट बघतोय. नुसती सही नको होती. बघून केलेली हवी होती.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला आकडा माहीत होता, सर.” तो तक्त्याकडेच बघत होता. “सुट्टीच्या दिवशी, खाली कुणीच नसतं तेव्हा, मी वरचा आकड्यांचा पडदा झाकून ठेवतो. बाकी मला काही माहीत करून घ्यायचं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक जीव मुठीत धरून आत जाऊन बसले. दहा मिनिटांनी फोन वाजला. दशांशाच्या आवाजात इतकं हलकेपण त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

“सर, तीन दशांश. फक्त तीन. आजपासून एक लिहा.”

प्राध्यापक बाहेर आले, तासभर थांबले. काटा वीसवर. खोली रिकामी होती. त्या तासात कडंही जागचं हललं नव्हतं. त्यांनी बोळाच्या भिंतीला टेकून डोळे मिटले. गेलं. कुठे गेलं, हे विचारायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं. नोंदणीच्या बाईंनी नवा मसुदा टाइप केला, आणि त्यात ‘अत्यंत विश्वासार्ह’ असे दोन शब्द होते.

लेकीने तो कागद वाचला, बाबांना जवळ घेतलं, आणि तरी म्हणाली, “आता तर तपासणीला काहीच हरकत नाही ना? माझ्या समाधानासाठी.” प्राध्यापक हो म्हणाले. आता त्यांना भीती नव्हती.

त्या आठवड्यात घरी उकडत होतं. बाहेर हवा गारच होती, पण घरात उकडत होतं. बायकोने जेवणाच्या टेबलाशी आपली खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला नेली. का, ते सांगितलं नाही, आणि प्राध्यापकांनीही विचारलं नाही. जेवताना ती एकदाच म्हणाली, “तुम्ही ती सही करायला नको होती.”

“मी पाहिलं होतं,” ते म्हणाले.

“तेच म्हणतेय मी.”

९

तपासणीची खोली स्वच्छ आणि लहान होती. डॉक्टरबाई समोर, टेबलापलीकडे. लेक मागे, भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवर. प्राध्यापकांच्या पाठीला दार.

तारीख, वार, मजला कितवा, सगळं त्यांनी सांगितलं. शंभरातून सात वजा करत करत ते इतके पुढे गेले की डॉक्टरबाईंनी हसून थांबवलं. घड्याळाचं चित्र काढलं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द उलट क्रमानेही म्हणून दाखवले. मागे लेकीने पर्सची चेन उघडून बंद केल्याचा आवाज आला. ती खूश असली की असं करते, लहानपणापासून.

“छान,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आता एक सोपा प्रश्न. या खोलीत आत्ता आपण किती जण आहोत?”

प्राध्यापकांनी तोंड उघडलं आणि त्यांना मानेमागे ऊब जाणवली.

लेकीची खुर्ची भिंतीशी होती, चार पावलं दूर. ही ऊब तिथली नव्हती. ही जवळची होती, खांद्याच्या वर, थोडी डावीकडे. टाकीकडे जाऊ नये म्हणून कुणी श्वास जरा डावीकडे सोडावा, तशी.

वळून बघणं अर्ध्या क्षणाचं काम होतं. विद्यार्थ्यांच्या तीस तुकड्यांना त्यांनी हेच शिकवलं होतं, की ऐकू नका, अंदाज करू नका, बघा. बघितलं तर उत्तर देता येईल. पण बघितलं तर तेच उत्तर द्यावं लागेल, लेकीच्या देखत, आणि मग ती खोकी, त्या किल्ल्या, ती रिकामी खोली. आणि जोपर्यंत बघितलं नाही, तोपर्यंत जे माहीत आहे तेवढंच सांगणं हा काही खोटेपणा नव्हे. नोंदणीच्या बाई छान झोपत होत्या.

“तीन,” ते म्हणाले. मान हलू न देता.

डॉक्टरबाईंचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. त्यांनी नजर उचलली. प्राध्यापकांकडे नाही, त्यांच्या डाव्या खांद्याच्या वर. मग लेकीकडे. मग पुन्हा खांद्याच्या वर. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त दूरचं बारीक अक्षर वाचताना डोळे होतात तसे त्यांचे डोळे झाले. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तळहाताआड, त्यामुळे प्राध्यापकांना दिसलं नाही.

“झालं,” त्या म्हणाल्या, आणि उठून पंखा मोठा केला.

बाहेर गॅलरीत लेक डोळे पुसत होती आणि हसत होती. “तीसपैकी एकोणतीस, बाबा. माझे सुद्धा एवढे आले नसते. आता मी घर बंद करायचं नावही काढणार नाही. राहा तुम्ही तुमच्या घरात.”

“एकोणतीस,” प्राध्यापक म्हणाले.

“एकच उत्तर चुकलं म्हणाल्या. किरकोळ आहे. थांबा, कोणतं ते विचारून येते, नाहीतर तुम्हाला रात्रभर झोप लागायची नाही.”

ती वळली. प्राध्यापकांनी तिचं मनगट धरलं. ती शाळेत जाताना रस्ता ओलांडायच्या वेळी धरत तसं, जरा जास्तच घट्ट.

“नको,” ते म्हणाले, आणि समोर बघत जिन्याकडे चालू लागले.